बोलायला कारण द्या : सीमाभागातील मराठी शाळांत इंग्रजीचा तास बोलता कसा करावा

खानापूर, बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीकडच्या एखाद्या आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसलेले सातवी-आठवीतले मूल थोडा वेळ न्याहाळावे. गिऱ्हाईक मराठीत बोलले तर ते मराठीत भाव सांगते, "किलोला एष्ट री?" असा प्रश्न आला की क्षणभरही न अडखळता कन्नडमध्ये उत्तर देते, आणि कॅम्पातला एखादा जवान हिंदीत घासाघीस करू लागला तर त्याच्याशी हिंदीत बोलून सौदा पुरा करते. त्याच्या कन्नडमध्ये आणि हिंदीत चुका असतात, पण व्यवहार अडत नाही. हेच मूल सोमवारी इंग्रजीच्या तासाला उभे केले की मान खाली घालते. पाठातला उतारा ते खडाखडा वाचते, गाळलेल्या जागा बिनचूक भरते, मात्र "काल संध्याकाळी काय केलेस?" एवढेच इंग्रजीत विचारले की पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागते.

या भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि या दोन चित्रांतला फरक मला फार उशिरा उमगला. बाजारात त्या मुलाला बोलायला कारण असते. समोरच्याला भाव ठाऊक नसतो, तो ह्याने सांगितल्याशिवाय कळणार नसतो, आणि न सांगितल्यास माल पडून राहतो. वर्गात आपण विचारतो त्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपल्याला आधीच माहीत असतात, आणि बाईंना उत्तर माहीत आहे हे मुलालाही माहीत असते. मग ते जे बोलते ती फक्त परीक्षा होते, संभाषण होत नाही. पुढे दिलेल्या सगळ्या कृतींच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे: एका मुलाजवळ असे काही असावे जे दुसऱ्याला हवे आहे, आणि ते मिळवण्याची वाट इंग्रजीतून जावी.

हा विचार माझा नाही आणि परदेशातून आयता आलेलाही नाही. डेल हाइम्स या अभ्यासकाने व्याकरणाच्या ज्ञानापलीकडे 'कोणाशी, केव्हा, कसे बोलावे' याचीही क्षमता असते हे मांडले, आणि त्यातून संवादात्मक अध्यापनाची चर्चा वाढली हे खरे. पण शाळेच्या वर्गात, भरलेल्या बाकांवर, साध्या खडूफळ्याच्या साहाय्याने हा मार्ग चालतो का, हे पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच राज्यात, बेंगळुरूत सुरू झाला. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना फक्त सोडवायला कामे देण्यात आली: वेळापत्रकावरून प्रवास ठरवणे, नकाशावरून वाट काढणे, हिशेब जुळवणे. त्यांनी कामांचे तीन प्रकार केले. पहिल्यात एकाची माहिती दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्यात मिळालेल्या माहितीवरून तर्काने काही नवे काढावे लागते, आणि तिसऱ्यात स्वतःचे मत किंवा आवड सांगावी लागते. हे वर्गीकरण मला आजही पाठ आखताना सर्वांत उपयोगी वाटते. एवढ्या जवळ घडलेले काम आपल्या शिक्षक प्रशिक्षणात अधिक तपशिलाने शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

बाक, जोड्या आणि गलका

पंचेचाळीस मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांचा तास असतो. बाईंनी एक अवाक्षरही न काढता एकेका मुलाला पाळीने उभे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. हेच काम जोडीत दिले तर दहा मिनिटांत प्रत्येक मूल साधारण पाच मिनिटे बोलते किंवा लक्ष देऊन ऐकते. जोडीकाम ही चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आपले लांब बाक हलत नाहीत, त्यामुळे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाकावरच्या मुलांना मागे वळून बसवावे. एका बाकावरचे मूल मागच्या बाकावरच्या मुलाचे जोडीदार होते आणि दोघांच्या कागदांमध्ये दप्तर उभे करता येते. ही दप्तराची भिंत क्षुल्लक वाटेल, पण तिच्याशिवाय पुढची मुख्य कृती चालत नाही, कारण मुले न बोलता एकमेकांचे कागद पाहून मोकळी होतात. जोड्या महिनाभर कायम ठेवाव्यात, म्हणजे लाज मोडायला वेळ मिळतो, आणि मग बदलाव्यात. हुशार मुलाला नेहमी कच्च्या मुलाजवळ बसवण्याची आपली जुनी सवय इथे फारशी उपयोगी पडत नाही. हुशार मूल दोघांच्या वाटचे बोलून टाकते आणि दुसरे निमूटपणे मान डोलावते. जवळपास सारख्या कुवतीची जोडी जास्त बोलते, असा माझा अनुभव आहे.

गलका होणारच. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवावे, शक्य असल्यास जेवणाच्या सुटीआधीचा तास मागून घ्यावा, आणि थांबण्याची एक खूण ठरवावी. मी हात वर करते. ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचे, एवढाच नियम आहे. पहिल्या आठवड्यात जोडीकाम चार मिनिटांच्या पुढे नेऊ नये. थोडे बोलून थांबण्याची सवय लागली की वेळ आपोआप वाढवता येतो.

भावाचा कागद

माझ्या वर्गात सर्वांत जास्त चाललेली कृती बाजाराचीच आहे आणि ती मी सविस्तर सांगते, कारण बाकीच्या कृती तिच्याच साच्यातून निघतात.

दोन कागद तयार करावेत. दोन्हींवर त्याच दहा जिनसा लिहाव्यात: रताळी, बटाटे, हिरवी मिरची, बासमती तांदूळ, काजू, गूळ, कुंदा आणि अशाच आणखी तीन. पहिल्या कागदावर पाच जिनसांचे भाव असावेत, दुसऱ्यावर उरलेल्या पाचांचे. जोडीतल्या प्रत्येकाने आपल्या कागदावरच्या रिकाम्या जागा दुसऱ्याला विचारून भरायच्या, कागद दाखवायचा नाही. त्याआधी फळ्यावर पाचच वाक्ये लिहावीत आणि ती सगळ्यांकडून दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्यावीत. "हाऊ मच इज अ किलो ऑफ राइस?" हे त्यांतले पहिले. "इट्स सिक्स्टी रुपीज" हे दुसरे. उरलेली तीन मात्र अडचणीत सापडल्यावर वापरायची असावीत: "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?", "हाऊ डू यू स्पेल इट?" आणि "डू यू मीन चिलीज ऑर चेरीज?" ह्या तीन वाक्यांना मी सर्वाधिक किंमत देते. न कळल्यावर गप्प बसायचे नाही, विचारायचे असते, हे आपल्या मुलांना वर्गात फारसे कोणी शिकवत नाही, आणि पुढे मुलाखतीत किंवा बेंगळुरू-पुण्यात नोकरीला गेल्यावर ती अडतात ती नेमकी इथेच.

आता या कृतीत काय घडते ते जवळून पाहू. नववीतली दोन मुले बसलेली आहेत. एक विचारतो, गुळाचा भाव काय? दुसरा सांगतो, "फिफ्टी." पहिला लिहितो १५. दोघेही समाधानाने पुढे जातात. कृती संपल्यावर दहाही भावांची बेरीज करून एकमेकांना सांगायची असते, आणि तिथे दोघांची बेरीज पस्तीस रुपयांनी चुकते. मग वाद होतो, आणि तो वाद मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, खरा असतो: "यू सेड फिफ्टीन!" "नो, आय सेड फिफ्टी!" या क्षणी बाईंनी जवळ जाऊन टाळी वाजवून दाखवावे की पन्नासच्या इंग्रजी शब्दात जोर पहिल्या भागावर पडतो आणि पंधराच्या शब्दात शेवटच्या. मराठी शब्दांत असा ठळक आघात नसतो, त्यामुळे मुलांच्या कानाला हा फरक सहसा ऐकूच येत नाही. हाच नियम पाठाच्या सुरुवातीला समजावून सांगितला असता तर वहीत उतरला असता आणि तिथेच राहिला असता. बेरीज चुकल्यावर सांगितला म्हणून त्या दोघांच्या कायमचा लक्षात राहिला. बेरजेची ही युक्ती म्हणूनच सोडू नये, कारण चूक दाखवण्याचे काम मग कृती स्वतः करते.

दुसऱ्या दिवशी तेच कागद पुन्हा वापरावेत. आता प्रत्येक जोडीला तीनशे रुपये आहेत, घरी गोव्याहून चार पाहुणे यायचे आहेत, काय आणि किती घ्यायचे ते ठरवा. यात तर्क आला. तिसऱ्या दिवशी दोन जोड्या एकत्र आणून कोणाची खरेदी चांगली आणि का, हे ठरवायला सांगावे. यात मत आले. तीन दिवसांत कागद एकच राहतो, शब्द तेच राहतात, आणि बोलणे मात्र दर दिवशी लांबत जाते.

हा साचा हातात आला की साहित्य चहूकडे दिसू लागते. मिरज-लोंढा लोहमार्ग आपल्या दारातून जातो. स्थानकावरच्या फलकावरून चार-पाच गाड्यांच्या वेळा उतरवून आणाव्यात, अर्ध्या एका कागदावर आणि अर्ध्या दुसऱ्यावर लिहाव्यात, आणि खानापूरच्या माणसाने बेळगावला दवाखान्यात दहा वाजता पोचून संध्याकाळपर्यंत परत यायचे असेल तर कोणती गाडी धरावी हे काढायला लावावे. रेल्वे नसलेल्या गावात एसटी आणि कर्नाटकच्या सरकारी बसच्या वेळा चालतात. नकाशाची कृतीही अशीच करता येते: एकाच्या नकाशात गणपत गल्ली, खडेबाजार आणि किल्ला आहे, दुसऱ्याच्या नकाशात टिळकवाडीची रेल्वे गेटे आहेत, आणि एकाने दुसऱ्याला वाट सांगायची आहे. छापील पुस्तकातल्या लंडनच्या नकाशापेक्षा हा नकाशा मुलांना कितीतरी जास्त बोलते करतो, कारण चुकीची वाट सांगितली तर ती त्यांना लगेच खटकते.

भूमिका घेऊन बोलणे

भूमिकाभिनय बहुतेक शाळांत होतो, पण तो पाठ केलेल्या संवादांचा. स्नेहसंमेलनाला ते ठीक आहे. वर्गात संवाद लिहून देऊ नये, फक्त भूमिकेची चिठ्ठी द्यावी, आणि प्रत्येक चिठ्ठीत दुसऱ्याला माहीत नसलेली एक अडचण घालावी.

बेळगावचा किल्ला ह्याला फार चांगला आहे. एक मूल वाटाड्या होते. त्याच्या चिठ्ठीत किल्ल्याची थोडी माहिती असते: आतल्या कमल बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, बांधकाम १२०४ सालचे, रट्ट राजवटीतले, छतावर दगडात कोरलेले कमळ. शेवटी एक ओळ असते, 'तुला वीस मिनिटांत दुसऱ्या गटाला घ्यायचे आहे.' दुसरे मूल पर्यटक असते आणि त्याच्या चिठ्ठीत लिहिलेले असते की बरोबर आजी आहे, तिला फार चालवत नाही, पण तिला देऊळ आणि बस्ती दोन्ही पाहायची आहेत. आता वाटाड्याला घाई आहे आणि पर्यटकाला सावकाश जायचे आहे. पाठ केलेले वाक्य इथे कामाला येत नाही. समजावणे, नम्रपणे नाही म्हणणे, तोड काढणे हे सारे करावे लागते, आणि 'कॅन वी', 'कुड यू', 'आय ॲम अफ्रेड' या रचना व्याकरणाच्या पुस्तकातून बाहेर येऊन गरजेच्या होतात.

वरच्या वर्गांसाठी पत्रकार परिषद घ्यावी. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. आपल्या मुलांना हा इतिहास मराठीत आणि कन्नडमध्ये ऐकून माहीत असतो, त्यामुळे इंग्रजीत त्यांना फक्त शब्द शोधावे लागतात, आशय शोधावा लागत नाही. तिघांचा गट स्वयंसेवकांचा करावा, तिघांचा त्या काळच्या वार्ताहरांचा. वार्ताहरांनी प्रत्येकी तीन प्रश्न तयार करायचे आणि उत्तर ऐकून एक चौथा, ऐनवेळचा प्रश्न विचारायचा. गुण द्यायचेच झाले तर त्या चौथ्या प्रश्नाला द्यावेत. आपल्या शाळांत मुले वर्षानुवर्षे उत्तरे देतात, प्रश्न विचारण्याची पाळी त्यांच्यावर येतच नाही, आणि इंग्रजीतली प्रश्नवाक्ये त्यामुळेच इतकी कच्ची राहतात.

मतांच्या कृतीसाठी मोठे विषय घेण्याची गरज नाही. शाळेची सहल गोकाकचा धबधबा पाहायला न्यावी की आंबोलीला, यावर माझा वर्ग दोन तास भांडला आहे. 'पर्यावरणाचे महत्त्व' या विषयावर तोच वर्ग दोन मिनिटेही बोलला नव्हता.

मराठी आणि कन्नडचे काय करायचे

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गात मराठी बोलण्यावर बंदी घातली होती आणि मराठी शब्दामागे एक रुपया दंड ठेवला होता. दंड जवळजवळ जमलाच नाही, कारण मुले बोलायचीच बंद झाली. ज्या मुलीने एरवी अर्धे इंग्रजी आणि अर्धे मराठी असे वाक्य पुरे केले असते, तिने वाक्य सुरूच केले नाही. ती चूक माझी होती, आणि मुलांच्या भाषेला दंड लावणारी कोणतीही पद्धत मला आता मान्य नाही. सीमाभागात तर अजिबातच नाही, कारण भाषेवरून आपला अपमान होतो की काय ही धास्ती इथली मुले घरूनच घेऊन येतात.

आता नियम असा आहे: तयारी कोणत्याही भाषेत, कृती इंग्रजीत. गटात काय बोलायचे ते मराठीत ठरवावे. वर्गात घरी कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणारी मुले असली तर त्यांनी त्या भाषेत विचार करावा. प्रत्यक्ष कृतीच्या आठ-दहा मिनिटांत मात्र इंग्रजी बोलावे, आणि शब्द अडला तर मराठी शब्द वाक्यात घालून पुढे जावे, थांबू नये. अडलेले शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात जमा करावेत. 'तोड काढणे', 'हट्ट', 'लाजणे', 'उधारी' असे शब्द तिथे येतात, आणि कृती संपल्यावर सगळ्यांनी मिळून त्यांचे इंग्रजी शोधावे. ही शब्दसंपत्ती मुलांच्या गरजेतून आलेली असल्याने ती टिकते.

मुलांची बोलीही कामाला घ्यावी. आपली मुले 'काय करायलास?' असे विचारतात आणि 'जेवायलोय' असे उत्तर देतात. प्रमाण मराठीच्या आग्रहाने आपण हे रूप वहीतून खोडतो, पण इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ समजावायला यापेक्षा सोपी किल्ली नाही. 'जेवतो' म्हणजे 'आय ईट', रोजची गोष्ट. 'जेवायलोय' म्हणजे 'आय ॲम ईटिंग', या घडीची गोष्ट. हे एकदा सांगितले की सहावीतले मूलही दोन्ही रूपांची गल्लत फारशी करत नाही.

कोणत्या चुका धराव्यात

काही चुका मराठीतून सरळ उतरतात आणि त्यांचे मूळ दाखवले की लवकर सुटतात. आपण 'गेल्या वर्षी मी गोव्याला गेलो होतो' म्हणतो, म्हणून मुले प्रत्येक जुन्या गोष्टीला 'हॅड' लावतात: "लास्ट इयर आय हॅड गॉन टू गोवा." मराठीतले 'होतो' इंग्रजीत साध्या 'वेंट' मध्ये सामावते, आणि 'हॅड' लागतो तो दोन भूतकाळी घटनांपैकी आधीची दाखवताना, हे गोष्ट सांगण्याच्या कृतीत सहज दाखवता येते. दुसरी चूक हो-नाहीची आहे. 'तू जेवला नाहीस?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो, कारण आपण विचारणाऱ्याच्या वाक्याला होकार देतो. इंग्रजीत वस्तुस्थितीला होकार किंवा नकार द्यावा लागतो, म्हणून तिथे 'नो, आय हॅवन्ट' येते. हा फरक न कळल्याने फोनवर खरेच घोटाळे होतात, तेव्हा याची दोन मिनिटांची तोंडी कृती वर्षातून चार-पाचदा तरी घ्यावी. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आणि गळणारी 'अ', 'द' ही उपपदे याही नेहमीच्या चुका आहेत, पण त्यांनी अर्थ बिघडत नाही, म्हणून बोलण्याच्या तासात मी त्यांच्यामागे लागत नाही.

धरावे कसे, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. मूल बोलत असताना मध्येच तोडू नये, हे आपण सगळे जाणतो आणि तरी तोडतो. लिस्टर आणि रांटा या भाषा-अध्यापनाच्या अभ्यासकांच्या १९९७ च्या अभ्यासात असे दिसले की शिक्षक सर्वांत जास्त वेळा चुकीचे वाक्य आपणच दुरुस्त करून पुन्हा म्हणतात, आणि मुलांकडून त्या दुरुस्तीची दखल सर्वांत कमी घेतली जाते. त्यापेक्षा "वेंट की गॉन?" असा इशारा द्यावा, किंवा न कळल्याचा चेहरा करून थांबावे, म्हणजे मूल स्वतः वाक्य सुधारते. मी कृती चालू असताना फक्त फिरते आणि छोट्या वहीत ऐकलेली वाक्ये टिपते, नावे लिहीत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत सहा वाक्ये फळ्यावर येतात: चार चुकलेली आणि दोन सुंदर. कोणती कोणती ते वर्गानेच ओळखायचे. ती दोन सुंदर वाक्ये वगळू नयेत. आपले वाक्य फळ्यावर पाहून मागच्या बाकावरचा मुलगा ताठ बसतो, तेव्हा पुढच्या तासाला तो बोलणार हे नक्की असते.

न बोलणारी मुले

गटात तेच दोघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात, ही तक्रार खरी आहे. यावर चिंचोक्यांचा उपाय करावा. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यावेत. बोलले की एक चिंचोका मधोमध टाकायचा, आणि आपले संपले की इतरांचे संपेपर्यंत थांबायचे. बडबडी मुले आपले तीन पहिल्या मिनिटात टाकतात आणि मग त्यांना ऐकावेच लागते. ज्याच्या हातात अजून तिन्ही आहेत, त्याच्याकडे गटच आर्जव करू लागतो, आणि बाईंच्या आर्जवापेक्षा सोबत्यांच्या आर्जवाला मूल लवकर वश होते.

दुसरा उपाय शिक्षकाने स्वतःवर करायचा आहे. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते असे आढळले, आणि ती वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागली. तो तर मुलांच्या स्वतःच्या भाषेतला वर्ग होता. आपल्या मुलाला प्रश्न मराठीत उलटवून, उत्तर जमवून ते इंग्रजीत न्यायचे असते, म्हणून मी मनात पाच अंक मोजते. सुरुवातीला ही शांतता फार अवघड वाटते, पण ती सोसावी.

एकट्याने बोलण्याची भीती घालवायला एकच गोष्ट तीनदा सांगण्याची कृती उत्तम आहे. मुलाने एखादा प्रसंग, समजा सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेचा, एका जोडीदाराला तीन मिनिटांत सांगावा, मग दुसऱ्या जोडीदाराला तोच दोन मिनिटांत, आणि तिसऱ्याला एका मिनिटात. ऐकणारा दर वेळी नवा असल्याने सांगण्यात कंटाळा येत नाही, आणि शब्द एकदा सापडलेले असल्याने तिसऱ्या वेळी अडखळणे बरेच कमी झालेले असते. तिसऱ्या फेरीतला स्वतःचा वेग ऐकून मुलांना जो आनंद होतो तो मी दर वर्षी पाहते.

पहिली ते तिसरीच्या वर्गांविषयी थोडेच सांगावे लागेल. सरकारी शाळांत नली-कलीमुळे कृतीतून शिकणे तिथे रुळलेले आहे. 'नली-कली' म्हणजेच आनंदाने शिका. तिथे गाणी, हुकूम पाळण्याचे खेळ आणि चित्रे पुरतात, आणि बोलण्याची सक्ती करू नये. लहान मूल बरेच दिवस नुसते ऐकते आणि मग एकदम बोलू लागते.

आठवड्याची आखणी आणि नोंद

अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, असा प्रश्न सहकारी विचारतात, आणि तो रास्त आहे. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, इंग्रजीची प्रश्नपत्रिका लेखी असते, पालकांचे लक्ष गुणांवर असते, आणि सगळे तास बोलण्याला देणे कोणाला शक्य नाही. आठवड्यातले दोन तास पुरतात, मात्र ते पाठाशी जोडलेले असावेत. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांना वाचू न देता त्याचे चार तुकडे करून चार गटांना द्यावेत, प्रत्येक गटाने आपला तुकडा समजून घ्यावा, मग गट मोडून नवे गट करावेत आणि प्रत्येकाने आपला तुकडा तोंडी सांगून पूर्ण गोष्ट जुळवावी. पाठही होतो आणि बोलणेही होते, आणि त्याखालची प्रश्नोत्तरे मुले मग न सांगता लिहितात. उरलेल्या दिवशी तासाच्या आरंभीची पाच मिनिटे जोडीत एका साध्या प्रश्नाला द्यावीत: आज सकाळी सर्वांत आधी काय ऐकू आले, बसमध्ये शेजारी कोण बसले होते.

शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी अस्खलित नसले तरी अडत नाही. वर्गातल्या सूचना तेवढ्या कायम इंग्रजीत द्याव्यात, रोज त्याच शब्दांत द्याव्यात, आणि एखादा शब्द आला नाही तर मुलांसमोर शब्दकोश उघडावा. बाईसुद्धा शोधतात हे पाहिले की मुलांचा संकोच कमी होतो.

प्रगती मोजायला प्रश्नपत्रिका काढू नये. जूनमध्ये, पालकांची संमती घेऊन, प्रत्येक मुलाचे एका मिनिटाचे बोलणे भ्रमणध्वनीवर नोंदवून ठेवावे, विषय सोपा द्यावा: माझे गाव, माझी गल्ली. नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तोच विषय पुन्हा नोंदवावा. ऐकताना तीनच गोष्टी मोजाव्यात: किती शब्द बोलले, किती वेळा लांब थांबावे लागले, आणि अडल्यावर स्वतः वाट काढली की गप्प झाले. शक्यतो मोजणी मुलाकडूनच करून घ्यावी, बाजूला बसवून, इतर कोणी ऐकत नसताना. मागच्या वर्षी एका मुलीने कानाला फोन लावून आपले जूनचे एक मिनिट ऐकले, त्यात अकरा शब्द होते. मग फेब्रुवारीचे ऐकले आणि बोटांवर मोजता मोजता तिचा हिशेब चुकला, म्हणून तिने ते पुन्हा सुरुवातीपासून लावले आणि या वेळी कागदावर रेघा ओढत मोजले.